दह्याच्या डब्यातलं अथेन्स

काकांच्या तळघरात राहायला गेलो त्या पहिल्याच शनिवारी त्यांनी माझ्या तळहातावर एक राजम्याचा आणि एक चवळीचा दाणा ठेवला. म्हणाले, "राजमा म्हणजे विरोध, चवळी म्हणजे होकार. मूठ झाकून वाडग्यात टाकायचा. कोणी काय टाकलं ते नंतर विचारायचं नाही."

विषय होता कपडे धुण्याचं मशीन. ते माझ्या उशापासून चार हातांवर होतं, आणि काकूंना शनिवारी सकाळी सातला धुणं लावायची सवय होती. भाडेकरू झोपलेला असताना मशीन लावू नये, असा ठराव स्वतः घरमालकानं मांडला होता. मतदार तिघं: काका, काकू आणि मी. दोन चवळ्या आणि एक राजमा निघाला. ठराव पास झाला, आणि तो राजमा कोणाचा होता हे काकूंनी पुढचा आठवडाभर माझ्या ताटात भाजी वाढायच्या पद्धतीवरून मला नीट कळू दिलं. सभा संपली की काकू ते दाणे दुसऱ्या दिवशीच्या उसळीत टाकायच्या. लोकशाही शिजवून खाल्ली की पचते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी नागपूरहून अठ्ठ्याण्णव साली अमेरिकेत आलो, व्हाय-टू-केच्या, म्हणजे कॉम्प्युटरांतल्या तारखा दुरुस्त करायच्या कामावर. काका माझ्या आधी पंचवीस वर्षं आलेले, तेही नागपूरचेच. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत त्यांचं घर होतं आणि जवळच्याच एका रंगाच्या कंपनीत ते केमिस्ट होते. रंग लावलेल्या पट्ट्या छतावर ऊन-बर्फात ठेवायच्या आणि रंग कधी उडतो ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. "एका पट्टीकडे मी सात वर्षं पाहून राहिलो होतो," असं ते मोठ्या मायेनं सांगत. कोणतीही गोष्ट त्यांनी अर्ध्यावर सोडलेली मी पाहिली नाही. जेवण सोडून. जेवताना अथेन्स निघालं की पोळी तशीच राहायची.

हे अथेन्सचं खूळ कुठून आलं, ते मी पहिल्याच महिन्यात विचारलं. काका शाळेत असताना रद्दीच्या दुकानात त्यांना ग्रीसच्या इतिहासाचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. पुठ्ठा नव्हता, लेखकाचं नाव नव्हतं आणि शेवटची पन्नासेक पानं गायब होती. ते पुस्तक त्यांनी डिक्शनरी घेऊन चार वेळा वाचलं. टेकडीवर जमून हजारो माणसं राज्य चालवतात, चांभार आणि सेनापती एकाच सभेत बोलतात, हे वाचून त्या मुलाचं डोकंच फिरलं. गंमत अशी, की शेवटची पानं नसल्यामुळे अथेन्सचं पुढे काय झालं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. स्पार्टाशी युद्धात अथेन्सच जिंकलं असणार, असं ते धरून चालले होते. कॉलेजात गेल्यावर कळलं, की अथेन्स स्पार्टाकडून हरलं. त्या दिवशी ते मेसमध्ये जेवले नाहीत. "घरात कोणी गेल्यासारखं झालं होतं बे," ते म्हणाले, आणि हे सांगताना ते अजिबात हसत नव्हते.

पुढे अमेरिकेत त्यांनी जुन्या पाठ्यपुस्तकावरून ग्रीक भाषा शिकायला घेतली. रविवारी सकाळी गॅरेजमधून त्यांचा धडे घोकण्याचा आवाज यायचा. शेजारचे आजोबा लॉन कापायचं थांबवून ऐकत, त्यांना वाटे ही आमची प्रार्थना आहे. गॅरेजातच कुंडीत एक ऑलिव्हचं झाड होतं. न्यू जर्सीच्या थंडीत ते जगणं कठीण, म्हणून ऑक्टोबरात काका ते अंगणातून चाकाच्या गाड्यावर घालून तिथे आणत. त्याला कधी एक ऑलिव्ह लागलं नाही. काका बाजारातली ऑलिव्हं ठेच्यासोबत खात आणि झाडाची माफी मागत.

याच झाडाच्या वादात मी त्यांचं पाण्याचं घड्याळ पहिल्यांदा पाहिलं. अथेन्सच्या कोर्टात वक्त्याला पाण्यानं वेळ मोजून द्यायचे. भांड्याला खाली भोक, पाणी संपलं की भाषण संपलं, मग तुम्ही कोणी का असेना. काकांनी दह्याच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्याला तापलेल्या सुईनं भोक पाडलं होतं. तो डबा पातेल्यावर टांगायचा. एक डबा म्हणजे साधारण सहा मिनिटं. नियम दोनच. पाणी संपलं की बसायचं. आणि पाणी आहे तोवर ते त्या माणसाचं, तो बोलेल नाहीतर गप्प राहील, मध्ये कोणी घुसायचं नाही.

त्या हिवाळ्यात काकांनी ते झाड गाड्यासकट दाराशी आणून बैठकीच्या खोलीत ठेवायचा ठराव मांडला. स्वतःचा डबाभर बोलले, अगदी देवी अथेनापर्यंत जाऊन आले. मग काकूंची पाळी आली. मी डबा भरला. काकू खुर्चीत टेकून बसल्या, हाताची घडी घातली आणि काकांकडे बघायला लागल्या. एक शब्द नाही. पाणी टपटपत होतं. दोन मिनिटांनी काकांनी चष्मा पुसला. चार मिनिटांनी ते म्हणाले, "अगं, बोल तरी काहीतरी," तर काकूंनी डब्याकडे बोट दाखवलं. पाणी संपायच्या आत काका उठले आणि गाडा ढकलत झाड परत गॅरेजात नेऊन आले. मतदान घ्यायची गरजच पडली नाही.

मी त्यांना एकदा टोचून विचारलं होतं. आमच्या घरात चौदा एप्रिलला काय असतं ते सांगायला नको, आणि काकाही त्याच वस्तीतून, त्याच निळ्या झेंड्याखालून आलेले. मी म्हटलं, "काका, तुमच्या अथेन्समध्ये गुलाम होते. बायकांना मत नव्हतं. बाहेरून आलेल्यांना तर पिढ्यानपिढ्या नव्हतं. आपण तिथे असतो तर कुठे असतो?"

"खाणीत," काका म्हणाले. "चांदीच्या खाणीत, पाठीवर टोपली घेऊन. ते काय मला माहीत नाही?"

"मग?"

"मग काय? यंत्र चांगलं होतं, त्यांना चालवता आलं नाही. माणसं मोजायला बसले आणि अर्ध्याहून जास्त विसरले. यंत्र उचलायचं, यादी दुरुस्त करायची. आपल्या बौद्ध संघात भिक्खू शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या, टाकून मत देत होते, तेही असंच यंत्र. आपल्याला काही उसनं घ्यायचं नाही, विसरलेलं आठवायचं आहे."

आमचं एक मंडळ होतं. त्या भागातली तीसेक बौद्ध कुटुंबं. महिन्यातून एकदा लायब्ररीच्या खोलीत वंदना, चर्चा आणि जेवण, आणि एप्रिलमध्ये जयंतीचा मोठा कार्यक्रम. नऊ वर्षं एकच गृहस्थ अध्यक्ष होते, त्यांना सगळे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. हॉल तेच बुक करत, मायक्रोफोन तेच आणत, एअरपोर्टवरून पाहुणे तेच आणत. फक्त नऊ वर्षांत आपल्यावाचून हे चालेल असं त्यांना वाटेनासं झालं होतं, आणि आम्हालाही.

काकांना साहेबांशी भांडायचं नव्हतं, त्यांना चिठ्ठी हवी होती. अथेन्समध्ये बहुतेक अधिकारी चिठ्ठीनं निवडत. निवडणूक ही मोठ्या घरच्यांची सोय आहे असं ते लोक समजत. तीन वर्षं काका प्रत्येक सभेत हा एकच ठराव मांडत होते आणि प्रत्येक सभेत तो हसण्यावारी जात होता. चौथ्या वर्षी, मी आल्यानंतरच्या हिवाळ्यात, ते उठून एवढंच म्हणाले, "आपल्या माणसांना आजवर एकच चिठ्ठी मिळाली, जन्माची. ती पण दुसऱ्यानं लिहिलेली. आपण आपली एक काढून पाहू या ना यार." कोणी हसलं नाही. साहेबांनीच हात वर केला. म्हणाले, "ओके काका, एक वर्ष ट्राय करू."

मला माहीत होतं काकांना आणखी काय हवं आहे. काकांचं पाण्याचं घड्याळही मंडळानं त्या वर्षापुरतं घेतलं होतं: जयंतीला साध्या सभासदाला एक डबा पाणी आणि अध्यक्षाला तीन. काकांजवळ तीन डब्यांचं भाषण होतं. वीस वर्षं वहीत लिहीत होते, रद्दीच्या दुकानापासून टेकडीपर्यंत आणि टेकडीपासून आपल्या संघापर्यंत. साहेबांच्या नऊ वर्षांत त्यांना जयंतीला कधी बोलायला बोलावलं नव्हतं. गॅरेजात ते मला वाचून दाखवत आणि म्हणत, "यातलं काहीच कापता येत नाही रे. कापलं की रक्त येते."

फेब्रुवारीच्या सभेत चिठ्ठ्या निघाल्या. मंडळाचं पत्रक टपालानं घरोघरी जायचं, त्यावरची नाव-पत्त्याची लेबलं मीच ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचो, त्याचाच एक कागद काकांनी कापून चिठ्ठ्या केल्या आणि बिस्किटाच्या डब्यात घातल्या. साहेबांनी हात घालून एक काढली, वाचली आणि हसून काकांना मिठी मारली. नाव काकांचं होतं. परत येताना काका गाडी इतकी हळू चालवत होते की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला. मी तितका आनंदी माणूस पुन्हा कधी पाहिलेला नाही.

संध्याकाळी घरची सभा भरली. काकांनी अभिनंदनाचा ठराव मांडला, स्वतःच्याच. काकू म्हणाल्या, "आधी तो बिस्किटाचा डबा आणा."

त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर एकेक करून पत्त्यांसारख्या मांडल्या. मग आमच्या घरच्या दोन बाजूला काढल्या. एक काकांची आणि एक माझी. माझं पत्रक वेगळं यायचं म्हणून माझं लेबल वेगळं होतं.

"या घरात माणसं किती?" काकूंनी विचारलं.

काका त्या दोन चिठ्ठ्यांवर वाकले.

"खाली भाड्यानं राहणाऱ्याचं नाव डब्यात आहे," काकू म्हणाल्या. "माझं कुठे आहे?"

एका घराला एक पत्रक, एका पत्रकाला एक लेबल आणि लेबलावर घरच्या पुरुषाचं नाव. मी महिनोन् महिने छापत होतो. म्हटलं, "काकू, चूक माझी आहे. लेबलं मी..."

"तू छापली," काका म्हणाले. "कापली मी. कापताना एकेक नाव वाचलं मी."

त्यांचा आवाज अगदी साधा होता आणि त्यामुळेच मला ऐकवेना. मग ते काकूंना म्हणाले, "अथेन्सवाल्यांना निदान माहीत होतं की ते बायकांना वगळून राहिले आहेत. मला माहीतही नव्हतं."

काकू म्हणाल्या, "आता ते दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं राहू द्या. पोळी खा."

त्यांनी पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी साहेबांना फोन केला आणि निवड रद्द झाली असं सांगितलं. साहेबांनी खूप समजावलं. पुढच्या वर्षीपासून बायकांची नावं घालू, यंदा तुमची झाली ती झाली, कोणाचीच हरकत नाही. मी स्वतः तेच म्हटलं. मला ते भाषण व्हायला हवं होतं. काका म्हणाले, "चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आणि ती चिठ्ठी नव्हती, ते पत्रकाचं लेबल होतं." मग आठवडाभर रोज ऑफिसातून आले की फोन घेऊन बसले. प्रत्येक घरी विचारलं, अठरा वर्षांवरचं कोण कोण आहे. नावं लिहून घेतली, सुना, मुली, नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायका, नातवंडं सांभाळायला आलेल्या आया. एकजण म्हणाला, "काका, आई व्हिजिटर व्हिसावर आहे, जूनमध्ये परत जाईल." काकांनी विचारलं, "एप्रिलमध्ये आहे ना?" आणि नाव लिहून टाकलं.

मार्चमध्ये पुन्हा चिठ्ठी निघाली. या वेळी काढली काकूंनी. नाव निघालं त्या आईचंच.

यवतमाळकडच्या एका खेड्यातून आलेल्या या बाई, सगळे त्यांना मावशी म्हणत. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या. दाराशी बसून लहान मुलांचे स्नोबूट जोडीजोडीनं लावायच्या. खोलीत कुजबुज सुरू झाली. त्यांच्या मुलानं घाईनं हात वर केला, "काका, प्लीज, आई घाबरून जाईल. दुसरी काढा ना."

साहेब उठले. "लेट्स बी प्रॅक्टिकल. जयंतीला टाऊनशिपच्या कौन्सिलच्या मॅडम येणार आहेत. मावशींना एम्बॅरस कशाला करायचं? आणि काका, तुम्ही एकदा रीड्रॉ केलाच ना? मग दुसऱ्यांदा काय प्रॉब्लेम आहे?"

प्रश्न रोकडा होता. आणि मला दिसत होतं, की डब्यात काकांचंही नाव आहे, पुन्हा हात घातला तर काय सांगावं, तेच निघायचं. ते काकांनाही दिसत असणार. ते उठले आणि बिस्किटाच्या डब्यावर झाकण लावून त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"तेव्हा डब्यात नावं कमी होती म्हणून परत काढली," ते म्हणाले. "आज सगळी आहेत. आज परत काढायला कारण एकच उरते, निघालेलं नाव आपल्याला पसंत नाही. हे कारण आपल्या आजोबा-पणजोबांना प्रत्येक दारात ऐकवलं गेलं आहे. माझ्या हातून ते होणार नाही. झाकण काढायचं असेल तर माझा हात तुम्ही बाजूला करा."

साहेब जागचे हलले नाहीत. त्यांनी खाली पाहिलं आणि हळूच खुर्चीत बसले. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"मले कोनी इचारलं का?"

सगळे वळले. मावशींच्या हातात एक लाल बूट होता.

"काय करा लागते अध्यक्षाले?"

काकांनी त्यांना दह्याचा डबा दाखवला, नियम सांगितले.

"पानी सपलं का बसा म्हनाचं? एवढंच नं?" मावशी म्हणाल्या. "गावात नयावर, पान्याच्या रांगेत, वीस वर्सं हेच तं केलं मी. कोनाची पाई हाय, कोन मधात घुसली, सारं मीच पाहू. मले इंग्रजी येत नाही, पन पानी सपलेलं दिसते."

जयंतीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मावशी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून मधल्या खुर्चीत बसल्या. वंदना झाली. अध्यक्षीय भाषणाचे तीन डबे त्यांनी घेतलेच नाहीत, म्हणाल्या, जय भीम, मी आयकाले बसली हाय. डबा भरायचं काम माझ्याकडे होतं. कौन्सिलच्या मॅडम चांगलं बोलत होत्या, पण पाणी संपताच मावशींनी तळहात खाली करून दाखवला, आणि मॅडम वाक्य अर्धं टाकून हसत बसल्या. साहेबही बसले, नऊ वर्षांत पहिल्यांदा वेळेवर.

मग काकांची पाळी आली. तीन डब्यांचं भाषण आणि एक डबा पाणी. त्यांनी कापलं नव्हतं, फक्त भरभर वाचायला लागले. शेवटचं पान त्यांनी मार्चमध्ये नव्यानं लिहिलं होतं, ते मला ठाऊक होतं. त्यात बिस्किटाचा डबा होता आणि काकूंचं नाव होतं. काकांनी ते काकूंना दाखवलं नव्हतं, सगळ्यांसमोर वाचायचं होतं. पण सुरुवात रद्दीच्या दुकानापासून होती. ते कसेबसे टेकडीपर्यंत पोचले आणि पाणी तळाला आलं. माझं बोट भोकापासून वीतभर अंतरावर होतं. नुसतं टेकवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. काकांनी वाचता वाचता माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून.

"बसा," मावशी म्हणाल्या.

"मावशी, काकांना पाच मिनिटं द्या ना," मागून कोणीतरी म्हणालं. साहेबच होते.

"पानी सपलं," मावशी म्हणाल्या. "बसा, दादा."

काका बसले. वही मिटली आणि मांडीवर ठेवली. त्यानंतरच्या वीस वर्षांत मला इतकं वाईट कशाचं वाटलं नाही, आणि इतका अभिमानही.

काकू उठल्या. त्यांचं नाव वक्त्यांच्या यादीत काकांच्या लगेच खाली होतं, आणि त्या बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मी डबा काठोकाठ भरला.

"हे भाषण मी बत्तीस वर्षं ऐकून राहिली आहे," त्या म्हणाल्या. "शेवट मलाही माहीत नाही. पण एक मला सांगता येते. डब्यात माझं नाव नव्हतं. मी विचारलं. यांनी मला अध्यक्षपद राहू देऊ का म्हणून विचारलं असतं तर मी राहू द्या म्हटलं असतं. यांनी विचारलं नाही. सोडलं. एवढंच."

आणि त्या बसल्या. डब्यात अजून पाच मिनिटांचं पाणी होतं. माझा हात आपोआप डबा उचलायला गेला, तर मावशींनी मला नजरेनंच थांबवलं. पाणी काकूंचं होतं.

शंभर माणसं गप्प बसली होती. लहान मुलंसुद्धा. पातेल्यात थेंब पडत होते. काकू हाताची घडी घालून काकांकडे बघत होत्या, त्या हिवाळ्यात बघितलं होतं तशाच, आणि काका या वेळी चष्मा न पुसता तसेच रडत होते. शेवटचा थेंब पडला.

"पानी सपलं," मावशी म्हणाल्या. "आता कोनाची पाई हाय?"